‘दोघं’ लिहायचं नाही: वसईतल्या एका लग्नपूर्व शिबिराचं परीक्षण

कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावायचं तर लग्नपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे बहुतेक जोडपी या शिबिराकडे शिकाऊ लायसन्ससारखं बघतात: जायचं, बसायचं, कागद खिशात घालायचा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) शनिवार-रविवारी भरणारं हे शिबिर वरवर इतरांसारखंच आहे. विवाह संस्काराची शिकवण, चर्चचा कायदा, डॉक्टरांचं सत्र, नवरा-बायकोतला संवाद, घरखर्च. वेगळेपण आहे ते शनिवारी दुपारच्या पावणेदोन तासांत. लग्नानंतर बायकोने बाहेर काम करावं का, केलं तर घर कोणी ओढायचं आणि ख्रिस्ती शिकवण यावर नेमकं काय म्हणते, एवढाच त्या सत्राचा विषय. हे परीक्षण मुख्यतः त्या सत्राचं आहे.

आधी व्यवहाराचं. फी जोडप्यामागे १,५०० रुपये. दोन्ही दिवसांचा नाश्ता, जेवण, चहा आणि छापील पुस्तिका त्यात आली. एका तुकडीत तीसच जोडपी घेतात. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) सहसा लग्नं होत नाहीत, त्यामुळे नाताळानंतरची आणि ईस्टरनंतरची लग्नं दाटीवाटीने येतात आणि त्याआधीच्या तुकड्या लवकर भरतात. लग्नाच्या चार महिने आधी नाव घातलं तर धावपळ होत नाही. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरण या संस्काराचा दाखला लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, आणि यावर ऑफिसात दर वेळी वाद होतो. ‘बाप्तिस्मा काय बदलतो काय?’ बाप्तिस्मा बदलत नाही, पण माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत त्याच्या नावापुढे होते. ताजा दाखला मागतात तो ती नोंद बघायला. मुलीचा बाप्तिस्मा मुंबईत किंवा मंगळुराकडे झाला असेल तर पत्र पाठवून दाखला मागवण्यात महिना सहज जातो.

आता सत्र. त्याचे तीन भाग आहेत: फादरांची तीस मिनिटं, नोकरी करणाऱ्या एका विवाहित जोडप्याची पंचेचाळीस मिनिटं, आणि उरलेला अर्धा तास घरकामाचा तक्ता भरण्याचा.

फादर सुरुवात करतात बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायाने, त्यातल्या सद्गुणी बायकोच्या गाण्याने. लग्नाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) हा उतारा इतक्या वेळा वाचला जातो की ऐकणाऱ्याला त्यातलं एकच लक्षात राहतं: ती पहाटे अंधारात उठते आणि रात्री तिचा दिवा मालवत नाही. वर्षानुवर्षं प्रवचनंही तेवढ्यावरच झाली. इथे १०व्या ते ३१व्या अशा सगळ्या २२ ओव्या वाचून घेतात. मूळ हिब्रूत प्रत्येक ओवी वर्णमालेच्या पुढच्या अक्षराने सुरू होते आणि अक्षरं २२ आहेत, हे सांगून फादर म्हणतात की अधली-मधली ओवी गाळून हे गाणं वाचता येत नाही. मग १६व्या आणि २४व्या ओवीवर थांबतात. ही बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड करून व्यापाऱ्यांना विकते. हॉलमध्ये पहिल्यांदा मुली मोबाईलवरून मान वर करतात त्या इथे.

याहून महत्त्वाची ओवी १५वी, आणि तीही ते सोडत नाहीत: ती घरच्यांना अन्न आणि दासींना काम वाटून देते. म्हणजे त्या घरात हाताखाली माणसं होती. जिच्या घरी भांड्यालाही बाई येत नाही तिच्यापुढे हा अध्याय मोजपट्टी म्हणून धरायचा नसतो. हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच ऐकायला मिळतं. वाचली, पण तिच्यावर बोलायचं राहून गेलं ती शेवटची ओवी. तिच्या हातच्या कष्टाचं फळ तिला द्या, असं तिथे म्हटलंय. ‘तिला’ द्या. पगार कोणाच्या खात्यात जावा यावर दुसऱ्या दिवशीच्या पैशाच्या सत्रात जो गोंधळ होतो, त्याचं निम्मं उत्तर या ओवीत होतं.

बायबलमधल्याच, तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय मात्र घाईत उरकतात. तरण्या बायकांनी घरचं काम पाहणाऱ्या असावं, हे त्यातलं पाचवं वचन. घरोघरी वाद पेटतो तो यावरच, कारण यूट्यूबवरची प्रवचनं ऐकून आलेला एखादा मुलगा किंवा त्याचे वडील हेच वचन पुढे करतात. याला पाच मिनिटं द्यायला हवीत, आणि द्यायला साहित्य भरपूर आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत इथला शब्द आहे ‘ओइकुर्गोस’, घरात काम करणारी. नंतरच्या बहुसंख्य हस्तलिखितांत एक अक्षर कमी होऊन तो झाला ‘ओइकुरोस’, घर राखणारी. पहिल्या शब्दात भर कामावर आहे, दुसऱ्यात घरी असण्यावर. कमावू नये असं दोन्हींत कुठेच नाही. शिवाय पहिल्या शतकातलं घर म्हणजेच कारखाना होता. विणकाम, शिवणकाम, चामड्याचं काम घरीच चालायचं. प्रेषितांच्या कृत्यांत १८व्या अध्यायात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको तंबू करण्याच्या धंद्यात आहेत आणि प्रेषित पौल त्यांच्याकडेच राहून त्यांच्यासोबत काम करतो. १६व्या अध्यायातली लुदिया किमती जांभळी वस्त्रं विकते. लूकच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातली योहान्ना हेरोद राजाच्या कारभाऱ्याची बायको, आणि येशूच्या मंडळीचा खर्च ज्या बायका आपल्या पैशातून करत होत्या त्यांत तिचं नाव आहे. फादरांनी यातली फक्त लुदिया घेतली. विवाहित बाईचं उदाहरण हवं असताना जिच्या नवऱ्याचा उल्लेखच नाही ती निवडणं, ही सुटलेली गोष्ट.

चर्चच्या शिकवणीचा भाग सगळ्यात कच्चा आहे. ‘पूर्वी चर्च बायकांना घरी राहा म्हणायचं, आता काळाप्रमाणे बदललंय’ एवढ्या एका वाक्यात विषय गुंडाळतात. ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात पोप लिओ तेरावे यांनी बाई स्वभावतः घरकामाला योग्य असं लिहिलं, हे खरं. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनीही आईचं काम प्रामुख्याने घरात असं म्हटलं, पण त्यांचा रोख कारखानदाराकडे होता: बापाचा पगार इतका तुटपुंजा देऊ नका की मुलांना टाकून आईला बाहेर पडणं भाग पडावं. ‘भाग पडू नये’ आणि ‘बंदी आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्याकडे चुलीपाशी बसून होणारी निम्मी भांडणं हा फरक न कळल्यामुळे होतात.

१९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांची दोन लेखनं आली. ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’च्या १९व्या परिच्छेदात एका पगारात कुटुंब चालावं, नाहीतर घरी राहणाऱ्या आईला भत्ता मिळावा अशी मागणी आहे. त्याच परिच्छेदात असंही आहे की नोकरीची रचनाच अशी हवी की पुढे जाण्यासाठी बाईला घर सोडल्याची किंमत मोजावी लागू नये. ‘फामिलियारिस कोन्सोर्तियो’च्या २३व्या परिच्छेदात स्त्रियांना सार्वजनिक जीवनातल्या कामांत पूर्ण वाव हवा असं म्हणून लगेच पुढे घरातल्या कामाचं मोल ओळखा, आणि बाहेर काम करणारीलाच मान देण्याची वृत्ती सोडा, असं आहे. १९९५ च्या स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात समान कामाला समान वेतन आणि नोकरदार आईला संरक्षण मागितलं आहे. आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’च्या २८६व्या परिच्छेदात लिहिलं की नवऱ्याने घरकामाचा किंवा मुलं वाढवण्याचा काही भाग उचलला तर त्याचं पुरुषपण कमी होत नाही. हा एक परिच्छेद पुस्तिकेत छापायला हवा होता. पुस्तिकेच्या त्या पानावर सध्या दोन कबुतरं आणि अंगठ्यांचं चित्र आहे.

मागच्या कव्हरवर संत जियान्ना मोल्ला यांचा फोटो आहे, ही निवड चांगली. त्या डॉक्टर होत्या, लग्नानंतर आणि मुलं झाल्यावरही दवाखाना चालवत होत्या. १९६२ मध्ये गेल्या, २००४ मध्ये संतपद मिळालं. पण फोटोखाली फक्त ‘आदर्श माता’ लिहिलंय, डॉक्टर असल्याचा उल्लेखच नाही. त्यांच्या शेजारी लुई आणि झेली मार्तें हे जोडपं हवं होतं, संत छोट्या तेरेजाचे आईवडील. झेलीचा फ्रान्समधल्या आलांसों गावच्या लेसचा धंदा होता, बायकांना काम देऊन ती तो चालवायची. लुई घड्याळजी. तिचा पसारा वाढला तेव्हा १८७० मध्ये त्याने आपलं घड्याळाचं दुकान विकलं आणि बायकोच्या धंद्यात हिशेब आणि ऑर्डरी बघायला लागला. या नवरा-बायकोला २०१५ मध्ये एकत्र संतपद मिळालं. तीस नवरदेवांना सांगायला याहून सोयीचं उदाहरण शोधून मिळणार नाही.

प्रोटेस्टंट मंडळींत यावर एकमत नाही, आणि जोडप्यातलं एक जण त्या बाजूचं असेल तर हे आधीच माहीत हवं. १९८७ च्या अमेरिकेतल्या डॅनव्हर्स निवेदनाला मानणारे गट घरात नवऱ्याचं नेतृत्व धरतात, तर दुसरे गट नवरा-बायकोला सगळ्याच जबाबदाऱ्यांत समान मानतात. पण कोकणात या वादाआधीच बायकांचं काम सुरू झालं होतं. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मिशनच्या दवाखान्यात नर्सेस काम करत होत्या. शिबिरात यातला शब्दही नाही.

दुसरा भाग त्या जोडप्याचा, आणि फीचे पैसे वसूल होतात ते इथे. ताई आणि त्यांचे मिस्टर दोघंही नोकरीवाले, बोलतात मोजकं. बोलण्यापेक्षा त्यांचा तक्ता चालतो. प्रत्येकाला एकेक कागद देतात. डावीकडे घरातल्या कामांच्या ओळी: पाणी भरणं, सकाळचा डबा, दुपारचं, रात्रीचं, भांडी, केर-लादी, कपडे धुणं, वाळत घालणं, घड्या, इस्त्री, बाजार, मासळी आणणं, मासळी साफ करणं, गिरणी, गॅसचा नंबर, वीजबिल, म्हाताऱ्यांचं औषध, पाहुणे. पुढे तीन रकाने: आज कोण करतं, लग्नानंतर कोण करणार, रोज किती मिनिटं. मुलगा-मुलगी शेजारी बसत नाहीत. मुलं डाव्या बाजूला, मुली उजव्या, आणि दोन्ही कागद भरून झाल्यावरच अदलाबदल.

मासळीच्या दोन ओळी मुद्दाम केल्यात. आणतो मी, असं मुलं अभिमानाने लिहितात. साफ कोण करणार, ही पुढची ओळ. कोळंबी आणायला दहा मिनिटं लागतात, सोलायला आणि काळा दोरा काढायला चाळीस.

या तक्त्याचा एकच कडक नियम आहे: ‘दोघं’ लिहायचं नाही. दर वेळी पहिल्या पाच मिनिटांत मुलांच्या कागदावर वरपासून खालपर्यंत ‘दोघं, दोघं, दोघं’ उतरतं. ताई कागद परत देतात. ज्या कामावर दोन नावं असतात ते काम शेवटी ज्याला घाण बघवत नाही त्याच्याच गळ्यात पडतं, आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत असतं. वार वाटून घ्या, सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या, पण एका वेळी नाव एकच. खोडरबर पेन्सिलीबरोबरच देतात, तो याचसाठी. अदलाबदल झाली की हॉलमध्ये जो आवाज चढतो तो सत्राचा खरा निकाल. लग्नानंतरच्या रकान्यात मुलाने इस्त्रीपुढे ‘आई’ लिहिलेलं मुलीला त्या क्षणी दिसतं.

तक्त्यात एक रकाना कमी आहे. ‘लक्षात कोण ठेवणार’ असा चौथा रकाना हवा. गॅसचा नंबर लावायला दोन मिनिटं लागतात, पण सिलिंडर संपत आलाय हे ध्यानात ठेवणं महिनाभर चालतं. म्हाताऱ्यांची गोळी, मुलाची लस, भाचीच्या समारंभाचा आहेर, सगळं तसंच. काम नवऱ्याचं आणि आठवण बायकोची, अशी वाटणी झाली की दोन महिन्यांत ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ सुरू होतं. कागद घरी नेणाऱ्यांनी हा रकाना स्वतः आखून घ्यावा.

मग आठवड्याचा हिशेब फळ्यावर मांडतात. निर्मळ-भुईगावच्या बाजूने चर्चगेटच्या ऑफिसला जाणारी मुलगी धरतात. वसई रोड ते चर्चगेट ५२ किलोमीटर, पण वेळ खाते ती स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि पुलावरची गर्दी. सकाळी ७.१० ला घराबाहेर, संध्याकाळी ७.४० ला घरात. दिवसाचे साडेबारा तास, पाच दिवसांचे ६२.५. आठवड्याचे एकूण तास १६८. झोप रोज सात तास धरून ४९. अंघोळ, जेवण, स्वतःचं आवरणं रोजचे दोन, म्हणजे १४. उरले ४२.५. आता चार माणसांच्या घराचं काम: स्वयंपाक रोज अडीच तास, आठवड्याचे १७.५. भांडी ५.२५, केर-लादी ३.५, कपडे ४, बाजार-मासळी ३, पाणी आणि बारीकसारीक २.२५, म्हाताऱ्यांचं २.५. बेरीज ३८. सगळं तिच्यावर टाकलं तर तिच्या हाती साडेचार तास राहतात, आणि त्यातच रविवारची मिस्सा, माहेर, आजारपण आणि लेट झालेली लोकल. यात मूल धरलेलं नाही. हा फळा पुसायच्या आधी फोटो काढून ठेवण्यासारखा आहे. बायकोला कामाला जाऊ द्यायचं की नाही हा प्रश्न इथे आपोआप मागे पडतो, आणि हे ३८ तास कसे वाटायचे तो पुढे येतो.

रविवारच्या पैशाच्या सत्रात मात्र हीच गाडी घसरते. वक्ते उदाहरण घेतात: बायकोचा हातात येणारा पगार २४,०००, नवऱ्याचा ३१,०००. मूल झाल्यावर पाळणाघर ८,०००, कामवाली ३,०००, बायकोचा प्रवास १,६००. हे सगळे १२,६०० तिच्या पगारातून वजा करतात, ११,४०० उरवतात आणि विचारतात, एवढ्यासाठी धावायचं का? चूक पहिल्याच वजाबाकीत आहे. मूल दोघांचं, घर दोघांचं, मग पाळणाघर आणि कामवाली तिच्याच नावावर का? दोघांची कमाई ५५,०००. त्या प्रमाणात ११,००० वाटले तर तिच्या वाट्याला ४,८०० येतात, त्याच्या ६,२००. तिचा प्रवास धरून तिच्याकडे १७,६०० राहतात. चित्र एकदम वेगळं.

नोकरी सोडल्याने काय जातं हे तर फळ्यावर येतच नाही. मूळ पगार १५,००० असेल तर पीएफचे तिचे १,८०० आणि मालकाचे १,८०० दरमहा थांबतात. पीएफसोबतची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. सातव्या वर्षी सोडलेल्या बाईला ती महिन्याची पेन्शन नाही. बाळंतपणाच्या रजेचंही कोणी बोललं नाही. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. लग्न ठरल्यावर नोकरी बदलणाऱ्या मुलींनी ८० दिवसांची अट आधी मोजावी. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशन नव्याने भरायचं असतं, हेही कोणी सांगत नाही.

आणि घर. आपल्याकडे जुनं घर पाडून नवा मजला चढवायचा तर जागा सासऱ्यांच्या नावावर, कर्ज मुलाच्या नावावर आणि हप्ता सुनेच्या पगारातून, ही पद्धत सर्रास आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलगी सारखं. सासऱ्यांच्या मिळकतीत सुनेला त्या कायद्याने वाटा नाही. कर्जात सहकर्जदार म्हणून सही केली म्हणजे मालकी मिळाली असंही नाही. खरेदीखतावर किंवा बक्षीसपत्रावर नाव लागतं तेव्हाच. हे ऐकायला कडू, पण पैशाच्या सत्रात ही दहा मिनिटं नसतील तर म्युच्युअल फंडाच्या पंचवीस मिनिटांचा काय उपयोग?

सगळ्यात खटकणारी गोष्ट नोंदणीच्या अर्जातच आहे. ‘वधू नोकरी करते का? होय / नाही.’ पहाटे चारला उठून मोगरा खुडणारी, वाडीत भाजी लावणारी, केळीचे घड आणि पानांच्या जुड्या दादरला पोचवणारी मुलगी ‘नाही’वर खूण करते. पाचूबंदरची किंवा नायगावची कोळीण, जिचा नवरा बोटीवर असतो आणि मासळीचा भाव, वाटे, उधारी सगळं जी एकटी बघते, तीही ‘नाही’च लिहिते. मग दुपारच्या सत्रात हिशेब होतो तो लोकल पकडणाऱ्यांचाच. वसईच्या ख्रिस्ती बायका बाहेर कामाला जातात हे नवं नाही, पगाराची स्लिप येते हे नवं आहे. पाटी डोक्यावर घेऊन गाडीने मुंबईला जाणाऱ्या आजीला कुणी ‘चालतं का’ विचारलं नव्हतं. अर्जावर ‘कमाईचं काम कोणतं, कुठे, किती तास’ असे तीन प्रश्न ठेवले तर तक्ता सगळ्यांना लागू पडेल.

दुसरी उणीव सासू-सासऱ्यांची. तीस कागदांवर ‘आई’ लिहून येतं आणि ती आई हॉलमध्ये नसते. तिच्या गुडघ्यांची, तिच्या वाडीच्या कामाची, नातवंडं सांभाळायची तयारी आहे का याची चौकशी कोणीच केलेली नसते. रविवारी संध्याकाळी तासभर दोन्हीकडच्या आईवडिलांना बोलावून हाच तक्ता त्यांच्या हाती दिला तर निम्मी नावं खोडली जातील. रात्रपाळीच्या नर्स, जहाजावर सहा-आठ महिने असणारे नवरे, आखातात एकेकटे जाणारे, यांच्यासाठीही वेगळा तक्ता लागतो. आत्ताचा त्यांना जमत नाही, कारण तो रोज दोघं घरी येतात असं धरून केलाय.

बाकीची सत्रं थोडक्यात. डॉक्टरांचं सत्र उत्तम, प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतात म्हणून लाज आड येत नाही. चर्चच्या कायद्याचं सत्र लांबलेलं. संवादाचं सत्र विनोदांवर चालतं आणि त्यातले निम्मे विनोद बायकोच्या स्वयंपाकावर आहेत, शनिवारी दुपारच्या सत्रानंतर ते फार पोकळ वाटतात. हॉलमध्ये पंखे पुरेसे, मागच्या तीन रांगांना माईक ऐकू येत नाही, त्यामुळे साडेआठला पोचून पुढे बसलेलं बरं. पेन्सिल तिथे मिळते, पण स्वतःचं पॅड न्या. मांडीवर कागद ठेवून तक्ता नीट भरता येत नाही.

जेवण घरचं आणि चोख. शनिवारी भात, कालवण, तळलेली मासळी, रविवारी इंद्याल (आंबट-तिखट रस्सा) आणि फुगे (तळलेले, पावासारखे गोळे). हे सगळं महिला मंडळाच्या बायका पहाटेपासून हॉलमागच्या शेडमध्ये करतात. दुपारी सव्वादोनला सत्र सुरू होतं तेव्हा त्या पातेली घासत असतात, आणि तक्त्याचा फळा त्यांना खिडकीतून दिसतो. जेवणाआधी ताई सूचना देतात: आपलं ताट आपण विसळायचं, मुलांनीसुद्धा. मुलं उठतात, हे मान्य करायला हवं. पण साठ माणसांना मागच्या मोरीवर नळ एकच आहे. रांग मैदानापर्यंत जाते, सत्राची घंटा होते, आणि शेवटची पंधरा-वीस ताटं कठड्यावर तशीच राहतात. ती मग महिला मंडळातल्याच कोणीतरी आत ओढून घेतं. पुढच्या तुकडीआधी तिथे आणखी तीन नळ बसवायला हवेत.